वाहतुकीला अडथळा

बधवार पार्क म्हटलं की बहुतेकांना २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवते. रबरी होडीतून दहा जण उतरले तो कोळीवाड्याचा किनारा या वसाहतीला लागूनच आहे. त्याआधी तिची ओळख ‘रेल्वेच्या बड्या साहेबांची कॉलनी’ एवढीच होती. पण चर्चगेटपासून दोन-अडीच किलोमीटर लांब, समुद्राच्या तोंडाशी रेल्वेची एवढी मोठी जागा कशी आली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. अर्धं आयुष्य डोंबिवली लोकलमध्ये काढूनही पडला नव्हता. मुंबईतली आता नसलेली वाहनं दाखवणाऱ्या एका ‘वॉक’ला गेले, तेव्हा आमच्या वाटाड्या मुलीनं तो फाटकासमोर उभं राहून विचारला आणि कुणी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकलं. रूळ इथपर्यंत येत होते.

कुलाबा टर्मिनस. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचं, दक्षिणेकडचं शेवटचं स्टेशन. चर्चगेट तेव्हा मधलं स्टेशन होतं. गाडी तिथून पुढे निघून बॅकबेच्या कडेकडेनं इथवर यायची. १८९६ साली इथे चांगली ऐसपैस इमारत उभी राहिली. कापसाचा बाजार तेव्हा कुलाब्याला होता, त्यामुळे माणसांइतकंच महत्त्व गाठींना होतं. पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल १९२८ साली सुरू झाली तीही इथूनच. पुढे बॅकबेत भराव घालून जमीन काढायचा घाट घातला गेला, रुळांची पट्टी त्या आखणीच्या आड येऊ लागली, आणि माघार रेल्वेला घ्यावी लागली. १८ डिसेंबर १९३० ला बॉम्बे सेंट्रल उघडलं. ३१ डिसेंबरला कुलाब्याची गाडी संपली. कापसाचा बाजार शिवडीकडे गेला आणि तिथल्या स्टेशनाला कॉटन ग्रीन हे नाव चिकटलं. कुलाब्यात राहिली ती साहेबांची कॉलनी.

यातली गंमत अशी की २०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आली. म्हणजे मुंबईच्या या टोकाला पंचाण्णव वर्षांनी पुन्हा गाडी लागली. मधल्या काळात कुलाब्याला जायचं तर चर्चगेटला उतरा आणि बसच्या रांगेत उभे राहा, याला सगळ्यांनी निसर्गनियम मानलं होतं.

मुंबईत हल्ली असे ‘वॉक’ पुष्कळ होतात. गॉथिक इमारतींचे, आर्ट डेकोचे, इराण्यांच्या हॉटेलांचे, भुताखेतांचेसुद्धा. मी सहसा त्या वाटेला जात नाही. एक तर रविवारी पहाटे उठून फोर्टात जायचं म्हणजे सुट्टीच्या दिवशीही सात-दहाची लोकल पकडण्यासारखं आहे, आणि दुसरं म्हणजे बहुतेक वॉक शेवटी कमानी, घुमट आणि गोऱ्या वास्तुविशारदांची नावं इथे येऊन थांबतात. हा वेगळा वाटला. कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत पायी. मुंबईत पहिली ट्राम धावली ती या दोन ठिकाणांदरम्यान. विषय एकच, आता नसलेली वाहनं.

नसलेली वस्तू दाखवायची म्हणजे वाटाड्याची कसोटीच. ही मुलगी आर्किटेक्ट, तिशीच्या आतबाहेरची. कमरेला छोटा स्पीकर, हातात लॅमिनेट केलेले जुने फोटो. फोटो ती रस्त्यासमोर अशा कोनात धरायची की फोटोतली इमारत आणि खरी इमारत शेजारी-शेजारी दिसावी, आणि मग विचारायची, ‘यात काय आहे जे त्यात नाही?’ आमच्यात एक आयटीतलं जोडपं होतं, इतिहास शिकवणाऱ्या एक बाई होत्या, एक बाबा आपल्या सहावी-सातवीतल्या मुलाला घेऊन आले होते. आणि ठाकुरद्वारचे एक काका. सत्तरी ओलांडलेले, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी वाटाड्या मुलीला दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘काका, तुम्ही माझ्याबरोबर पुढेच चाला ना.’ मला वाटलं होतं ती चिडेल. तिनं वही काढली.

कुलाबा कॉजवेवर दुकानं अजून उघडायची होती. कानातली-गळ्यातली विकणाऱ्यांचे ठेले ताडपत्रीत गुंडाळलेले. हा रस्ता १८३८ चा. त्याआधी कुलाबा हे वेगळं बेट होतं; भरतीला होडी, ओहोटीला चिखल तुडवत. मुंबईच्या वाहतुकीचा इतिहास खरं तर पाणी बुजवण्याचा इतिहास आहे, चाकं त्यानंतर आली.

पुढे रीगलच्या अलीकडे इलेक्ट्रिक हाऊस. शहराच्या बस चालवणाऱ्या बेस्टचं जुनं घर. या बाजूलाच स्टर्न्स अँड किटरेज या कंपनीचं बस्तान होतं. ९ मे १८७४ ला ट्राम सुरू झाली तेव्हा ती घोडे ओढत, आणि कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते. कुलाबा ते पायधुणी क्रॉफर्ड मार्केटवरून आणि बोरीबंदर ते पायधुणी काळबादेवीवरून असे दोन मार्ग. भाडं तीन आणे, पुढे गर्दी वाढली तसं दोन आणे. सुरुवातीला तिकीटच नव्हतं. पैसे द्यायचे आणि बसायचं. मग फुकटे वाढले म्हणून त्याच वर्षी तिकिटं छापावी लागली. हे ऐकून सगळे हसले. दीडशे वर्षांत या शहराची तेवढी एक परंपरा अखंड चालू आहे असं ते बाबा पुटपुटले, तेव्हा त्यांच्या मुलानं ‘म्हणजे काय?’ असं विचारलं आणि बाबांनी त्याला पाण्याची बाटली दिली.

मला मात्र त्या नऊशे घोड्यांनी धरून ठेवलं. नऊशे घोडे म्हणजे नऊशे तोंडांची वैरण, तेवढे खरारे, नाल ठोकणारे, लीद उचलणारे, रात्री-अपरात्री उठून आजारी जनावराला काढा पाजणारे मोतद्दार. मे महिन्यात डांबराच्या नव्हे, खडीच्या रस्त्यावर माणसांनी भरलेला डबा ओढणारं जनावर दिवसभर काम करू शकत नाही, ते आलटून-पालटून जुंपावं लागतं. म्हणून तर पागा एवढी मोठी. कंपनीचं नाव, पहिल्या फेरीची तारीख, तिकिटाचा दर हे सगळं नोंदलेलं आहे. मोतद्दार कुठे राहत होते, काय पगार घेत होते, हे मी मुलीला विचारलं. ती प्रामाणिकपणे म्हणाली, ‘ताई, ते मला कुणी विचारलंच नव्हतं आजपर्यंत.’ आणि वहीत लिहून घेतलं.

घोड्यांची जागा विजेनं घेतली ती ७ मे १९०७ ला. त्यासाठी १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली होती. आज आपण तिला बेस्ट म्हणतो, त्यातला ‘टी’ तेव्हा ट्रामचा होता. ट्रामला वीज लागायची म्हणून वीज आणि वाहतूक एका छपराखाली आली, आणि म्हणून शहरातल्या लोकांच्या घरी विजेचं बिल आजही बसवाल्यांकडून येतं. आम्हां डोंबिवलीकरांना ही गोष्ट नेहमीच चमत्कारिक वाटत आली आहे. १९२० साली दुमजली ट्राम आली. १५ जुलै १९२६ ला पहिली बस, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ ला, हा सगळा कारभार महापालिकेच्या ताब्यात आला. तारखा मी इथे एका दमात सांगितल्या, मुलीनंही तशाच सांगितल्या. तिला फ्लोरा फाउंटनला पोचायची घाई होती.

कारण तिथे दाखवायला खरीखुरी वस्तू होती. फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीच्या वेळी काही वर्षांपूर्वी फरसबंदीच्या खाली काळ्या दगडांत बसवलेले ट्रामचे रूळ सापडले. तोवर ते उखडून विकले असतील असाच सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी कुणी ते काढायचे कष्टच घेतले नव्हते. वरून डांबर ओतलं आणि विषय संपवला. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं मुंबईकर ट्रामच्या रुळांवरूनच ये-जा करत होते, मध्ये फक्त वीतभर डांबर.

इथे काकांनी सूत्रं हाती घेतली. कोणती ट्राम कुठून वळायची, ड्रायव्हर पायानं घंटा कशी दाबायचा, शेवटच्या थांब्यावर गाडी वळवावी लागत नसे, फक्त वरची दांडी फिरवायची आणि बाकांच्या पाठी उलट्या करायच्या. ‘म्हणजे जाताना जो पुढचा बाक, तोच येताना शेवटचा.’ पोरांचा खेळ म्हणजे धोबीतलावाला चालत्या ट्रामच्या पायरीवर चढायचं आणि कंडक्टर जवळ आला की उडी मारायची. ‘पडायचात नाही?’ आयटीवाल्या मुलीनं विचारलं. ‘पडायचो की. पण ट्रामखाली आलेलं पोर मी पाहिलं नाही. तिला वेगच नव्हता हो.’

वेग नव्हता हेच तिच्या जिवावर उठलं. मुलीनं ट्राम बंद होण्याची कारणं सांगितली. रूळ रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे उतारू भर रस्त्यात उतरणार. मागे मोटारी खोळंबणार. डबे आणि रूळ जुने झालेले, नव्यांना पैसा नाही. स्वातंत्र्यानंतर एकेक मार्ग कमी होत गेला. सरकारी कागदांतली भाषा अगदी ओळखीची होती म्हणाली, ‘वाहतुकीला अडथळा’.

तो शब्दप्रयोग ऐकला आणि मला त्या सकाळभर त्याची संगत लागली. १८६० च्या दशकात फोर्टाचा तट पाडला, कारण तो शहराला अडथळा होता. त्या तटातल्या चर्चगेटावरून स्टेशनाचं नाव पडलं. कुलाब्याचे रूळ भरावाला अडथळा. ट्राम मोटारींना अडथळा. आज बसथांबे रिक्षा-टॅक्सींना अडथळा, फेरीवाले पादचाऱ्यांना अडथळा, आणि पादचारी सगळ्यांनाच. प्रत्येक वेळी जे हटवलं त्याला अडथळा म्हटलं, आणि ज्याच्यासाठी हटवलं त्याला वाहतूक म्हटलं. ट्रामच्या एका डब्यातली माणसं एकेकट्या मोटारींत बसवली तर हुतात्मा चौक भरून जाईल. तरी खोळंबा ट्राममुळे होतो असं ठरलं, कारण ठरवणारी माणसं मोटारीतून जात होती. हे माझं मत आहे, वाटाड्या मुलीचं नव्हे. ती बिचारी दोन्ही बाजू सांगत होती.

आणि दुसरी बाजू आहेच. माझी आई परळची. ट्रामचा विषय निघाला की घरातले बाकीचे हळवे व्हायचे, ती नाही. ‘पावसात दोन्ही बाजूंनी भिजायला व्हायचं,’ एवढंच म्हणायची. कडेवर मूल, हातात पिशवी, आणि उघड्या बाजूनं येणारी सर. तिला १९६४ साली ट्राम गेल्यानंतरची बस मनापासून आवडली, कारण बसला खिडकी होती. गेलेल्या गोष्टींवर प्रेम करणं सोपं असतं. त्यात आता कुणाला भिजावं लागत नाही. कोलकात्यात ट्राम टिकली म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, पण तिथेही २०२४ साली सरकारनं मैदान ते एस्प्लनेड एवढा एक तुकडा ठेवून बाकी मार्ग गुंडाळायचं जाहीर केलं. कारण काय दिलं असेल ते वाचकांनी ओळखलं असेलच.

हॉर्निमन सर्कलकडे वळून आम्ही सेंट थॉमस कॅथीड्रलसमोर थांबलो. १७१८ पासूनचं हे चर्च म्हणजे जुन्या मुंबईचा शून्य मैल. इथून अंतर मोजून रस्त्यांच्या कडेला काळ्या दगडाचे मैलाचे खांब रोवले होते, वर रोमन आकडा आणि ‘सेंट थॉमस चर्चपासून’ इतके मैल असा मजकूर. त्यांतले कित्येक फुटपाथची उंची वाढत गेली तसे गळ्यापर्यंत गाडले गेले. काहींच्या डोक्यावर पानवाल्यांनी चुन्याच्या डब्या ठेवल्या, काहींना शेंदूर लागला. अलीकडे वारसा जपणाऱ्यांनी आणि महापालिकेनं त्यांतले बरेच शोधून, खणून वर काढले आहेत. शेंदूर लागला म्हणूनच त्यांतला एखादा वाचला असेल, असं इतिहासाच्या बाई म्हणाल्या. मला पटलं. देवाला अडथळा म्हणायची आपल्याकडे अजून कुणाची छाती नाही.

दादाभाई नौरोजी रस्त्यावर मुलीनं आम्हांला चालायला लावलं ते कमानींखालून. या रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्यावर सलग ओवरी आहे, उन्हा-पावसात माणसाला छत्री न उघडता चालता यावं म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तसा नियमच होता. इमारत कशीही बांधा, पण ओवरी सोडा. मुंबईच्या वाहतुकीच्या इतिहासात मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटली. चालणं हीसुद्धा वाहतूक आहे हे तेव्हाच्या कुणाच्या तरी डोक्यात होतं. आज उलटं आहे. उड्डाणपुलाच्या खर्चाचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात आणि फुटपाथ कुठे संपतो ते चालणाऱ्याला पाय मुरगळल्यावर कळतं.

बोरीबंदरला, म्हणजे आजच्या सीएसएमटी स्टेशनाला, गर्दी सुरू झाली होती. १६ एप्रिल १८५३ ची दुपार, साडेतीनचा सुमार, चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, ठाण्यापर्यंतचे चौतीस किलोमीटर, हे सगळं शाळेत पाठ केलेलं असतं. आजची भव्य इमारत मात्र त्या वेळी नव्हती. तिचं काम १८७८ ला सुरू झालं आणि पुढे दहा वर्षं चाललं. पहिली गाडी सुटली ती एका साध्या स्टेशनातून. मुलीनं बोट दाखवून वरचे दगडी मुखवटे दाखवले. रेल्वे कंपनीच्या संचालकांचे ते चेहरे, आणि त्यांत जमशेटजी जिजीभॉय आणि आपले नाना, जगन्नाथ शंकरशेट. मी या इमारतीत किती वेळा शिरले असेन याला गणती नाही. मान वर करून पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. कारण सरळ आहे. या स्टेशनात मान वर करून चालणारा माणूस मागच्याचा धक्का खातो. नानांच्या नावाचं स्टेशन आता मेट्रोला आहे, मुंबई सेंट्रलच्या खाली.

समोरच्या भाटिया बागेत ट्रामचा एक डबा ठेवला आहे, लाल रंगाचा, झकपक. त्याच्यापुढे सेल्फी काढणारे दोघं-तिघं होते. काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहत होते.

‘एकतीस मार्च चौसष्ट,’ ते म्हणाले. ‘शेवटची ट्राम रात्री इथूनच सुटली, दादरला. मी तिसरीत होतो. वडील घेऊन आले होते. ही गर्दी! ट्रामला हार घातलेले, लोक टपाला लोंबकळतायत, पायऱ्यांवर तर मुंगीला जागा नाही. आम्ही तास-दीड तास उभे, पण चढायला काही मिळालं नाही. वडील म्हणाले, जाऊ दे, उद्या ये. आणि मग स्वतःच गप्प झाले.’

कुणीच काही बोललं नाही, तेव्हा काकाच पुढे म्हणाले, ‘पण खरी मजा दुसऱ्या दिवशी. एक एप्रिल! शाळेत मी सांगितलं ट्राम बंद झाली, तर पोरं म्हणाली, चल, आम्हांला एप्रिलफूल करतोस काय.’

मुलगी वहीत लिहीत होती. तिच्या लॅमिनेट केलेल्या कागदांत ‘३१ मार्च १९६४, बोरीबंदर ते दादर’ एवढं होतं. दादरला ज्या चौकात ती गाडी थांबली त्याला लोक अजूनही दादर टी. टी. म्हणतात, ट्राम टर्मिनस जाऊन दोन पिढ्या झाल्या तरी. चौकाचं अधिकृत नाव वेगळं आहे, पण बसचा कंडक्टर ते हाक मारून सांगत नाही.

काकांना आणखी एक वाहन आठवत होतं, जे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ट्रॉलीबस. रबरी चाकांची, पण डोक्यावर ट्रामसारख्या विजेच्या तारा. १९६२ च्या जूनमध्ये गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी सुरू झाली, १९७१ च्या मार्चमध्ये बंद. नऊ वर्षंसुद्धा पुरती नाहीत. ट्रामला निदान निरोप मिळाला. हिच्या नशिबी हारही नव्हते. धूर नाही, आवाज नाही, डिझेल नाही. आज विजेच्या बस आल्या म्हणून जी पानभर जाहिरात असते तिच्यातलं प्रत्येक विशेषण ट्रॉलीबसला शोभलं असतं.

क्रॉफर्ड मार्केटच्या पुढे आमचा जथा पातळ झाला. ऊन चढलं होतं. आयटीवालं जोडपं सरबत प्यायला मागे राहिलं. अब्दुल रहमान स्ट्रीटवर रविवार असूनही माल उतरत होता, कारण हा भाग सुट्टी फारशी मानत नाही. इथे मला दिवसातली सर्वांत जुनी गोष्ट दिसली आणि ती वॉकच्या यादीत नव्हती. हातगाडी.

लांब लाकडी पट्ट्यांची, दोन मोठ्या चाकांची, एक जण पुढे ओढणारा आणि एक जण मागून रेटणारा. कापडाच्या गाठी, कागदाची रिळं, फ्रीज, काहीही. बाजूलाच पाटीवाले, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत एका माणसाच्या ऐपतीपेक्षा जास्त वजन. हातगाडीचं उद्घाटन कुणा गव्हर्नरानं केलं नाही. तिला सलामी झाली नाही, तिची पहिली फेरी कुठल्या वर्षी झाली हे कुठे कोरलेलं नाही, आणि म्हणून बहुधा शेवटची फेरीही जाहीर होणार नाही. घोड्याची ट्राम आली आणि गेली, विजेची आली आणि गेली, ट्रॉलीबस आली कधी आणि गेली कधी तेच कळलं नाही, २०२३ साली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली, जुनी लाल डबलडेकर गेली. दोघांनाही वर्तमानपत्रांनी अर्धं अर्धं पान रडून दाखवलं. हातगाडीवाला या सगळ्यांच्या शेजारून घाम पुसत चालत राहिला. यात कौतुक करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. माणसाची पाठ अजूनही यंत्रापेक्षा स्वस्त पडते एवढाच त्याचा अर्थ आहे.

हे मी मुलीला सांगत होते. रस्त्याच्या मधोमध. आम्ही दहा-बारा जण तिच्याभोवती कोंडाळं करून उभे, आणि मागून आवाज आला, ‘ओ भाऊ, ओ बाई, बाजूला व्हा! धंद्याच्या टायमाला रस्ता अडवून काय उभे राहता?’ गाठींनी भरलेली गाडी, पुढचा गडी दांडीवर वाकलेला, कपाळावरून घाम. आम्ही पटापट दुकानांच्या पायऱ्या चढलो. गाडी गेली. ते बाबा म्हणाले, ‘घ्या, आता आपणच अडथळा,’ आणि या वेळी त्यांचा मुलगाही हसला.

पायधुणी आली. घोड्यांच्या ट्रामचे दोन्ही मार्ग इथे येऊन मिळत. समुद्राचं पाणी कधीकाळी इथवर यायचं आणि पलीकडून येणारा माणूस पाय धुऊन शहरात शिरायचा असं सांगतात. आता तिथे पाय धुवायला सोडा, ठेवायला जागा नव्हती. मुलीनं समारोपाचं भाषण आवरतं घेतलं, कारण स्पीकरची बॅटरी संपली होती आणि काकांचा आवाज तिच्यापेक्षा मोठा होता.

जाताना मी तिला सुचवलं की पुढच्या वेळी एखादा टप्पा ट्रामच्या माणसांसाठी ठेव. कंडक्टर, ड्रायव्हर, वर्कशॉपचे कामगार, कोकणातून आणि घाटावरून येऊन चाळींत राहिलेले. त्यांची मुलं-नातवंडं अजून आहेत. कुणाच्या माळ्यावर तिकिटाचा पंच असेल, कुणाकडे बिल्ला. इमारतींचे आराखडे ग्रंथालयात सुरक्षित आहेत, ते आणखी शंभर वर्षंही मिळतील. माणसं तोवर थांबणार नाहीत. तिनं मान हलवली आणि काकांकडे वळून म्हणाली, ‘काका, पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. तुम्ही याच, आणि तुम्हांला पैसे नाही पडणार.’

‘छे, छे,’ काका म्हणाले. ‘फुकट जेवढं फिरायचं तेवढं लहानपणीच फिरून झालंय. तिकीट काढून येईन. आणि ते फ्लोरा फाउंटनचं वळण तू अजून चुकीचंच सांगतेयस.’